मधल्या मजल्यावरचे भाडेकरू

“थांब, इथंच,” म्हातारा म्हणाला आणि चपला काढून वाळूत पाय रोवून उभा राहिला.

डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचं कधी अडलं नव्हतं. गळाला लावायचे किडे खणून विकण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या लेखी किनारा म्हणजे तीन मजली घर. वर कोरड्या वाळूत उड्या मारणाऱ्या पिसवा, मधल्या ओलसर पट्ट्यात किडे, पाण्यालगत तळमजल्यावर शिंपले. “भाडेकरू आहेत, पण आपापला मजला सोडत नाहीत,” असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

शेजारी उभ्या लेकीने इतके दिवस त्याला काही ना काही सांगून घरीच थोपवलं होतं. किनारा देखणा करायचा म्हणून ट्रकांनी बाहेरची वाळू आणून ओतली होती. खालचे जीव जिथल्या तिथे गाडले गेले. किडेच मिळेनात, तेव्हा तीच वाळू दाताळ्याने सपाट करायच्या कामावर ती जाऊ लागली. पोट कुणाला चुकलंय? बापाला मात्र सांगायची, धंदा बरा चाललाय.

म्हाताऱ्याने कोपरापर्यंत हात घातला. वर आली ती नुसती वाळू. तो थोडा वर सरकला, मग खाली. पुन्हा खणलं. बोटांना वळवळणारं काहीच लागलं नाही.

“तू कुठे खणतेस रोज?”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण दाताळ्याचं नाव तिच्या तोंडातून निघेना.

“इथंच की, बाबा. तुमचीच जागा चुकतेय.”

बोलली आणि जीभ चावली. म्हाताऱ्याने हात बाहेर काढून पंच्याला पुसले, नीट, एकेक बोट.

“असं होय,” तो कसनुसं हसला. “भाडेकरू आहेत तिथंच आहेत. मालकच पत्ता विसरला.”

दोघं घराकडे निघाले. एरवी वळणं तिला तोच सांगायचा. आज तिचा दंड घट्ट धरून चालला. तिला स्वतःची शिसारी आली, तरी तिने खोटं मागं घेतलं नाही.

संध्याकाळी तिने त्याला वाढलं. जेवण झाल्यावर ताट घासून पालथं घातलं. तो भिंतीला टेकून बसला होता.

“पोरी, मी जेवलो का गं?”

“आत्ताच जेवलात की, बाबा.”

त्याने पोटावरून हात फिरवला.

“असेन. तू म्हणतेस तर जेवलोच असेन.”