बाबांच्या बोटातली ठिणगी

मद्यार्काच्या कारखान्यातलं अख्खं कॅन्टीन श्वास रोखून बसलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत ध्यान लावलेले बाबा अंगावरची नायलॉनची शाल सावरत उठले, रबरी चपला घालून नळापाशी गेले आणि त्यांनी बोट पुढे केलं. चट्! निळी ठिणगी उडाली. लोकांनी हात जोडले.

"ही शक्ती तुमच्या स्पिरिटच्या पिंपांतही आहे," बाबा गरजले. "पण तुम्ही तिला पिंपाला बांधलेल्या त्या हिरव्या तारेनं जखडून ठेवलंय. मग बरकत येणार कुठून? तार सोडा. भरत्या पिंपावर मी स्वतः ज्योत उतरवतो!"

कारखान्याच्या केमिस्टबाई ताडकन उठल्या. पिंपं भरायचं काम त्यांच्या धाकट्या दिराकडे होतं, आणि दीर तर निघालाही होता.

"भाऊजी, कुठे?"

"तार सोडायला. बाबांचा शब्द आहे, वहिनी."

"सोडा. पण आधी जरा आवारात या."

बाबांसकट सगळे मागोमाग आले. बाईंनी तीच खुर्ची बाहेर आणवली आणि नायलॉनचं जाकीट व रबरी चपला घातलेल्या वॉचमनकाकांना तीत बसवून पाठ खुर्चीला घासायला सांगितली. काकांची त्याला अजिबात हरकत नव्हती. समोर स्टीलच्या ताटलीत चमचाभर स्पिरिट होतं. काका उठले, हातातली किल्ली त्यांनी ताटलीच्या काठाजवळ नेली. चट्! आणि लगेच भक्!

"आयला! मलाही शक्ती आली?"

"तपश्चर्या काय केली होतीत, काका?"

"चहा प्यालो होतो."

बाईंनी ताटलीवर झाकण घालून आग विझवली. "नायलॉन प्लास्टिकवर घासलं की अंगात वीज साठते. रबरी चपला तिला जमिनीत जाऊ देत नाहीत, मग ती धातूवर उडी मारते. पाइपातून स्पिरिट पडतं तेव्हा पिंपातही ती साठते. हिरवी तार तिला जखडत नाही, गुपचूप जमिनीत सोडून देते. हे चमचाभर होतं. पिंपात किती असतं, ते भाऊजींना माहीत आहे."

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांना अचानक दुसरीकडचं महत्त्वाचं काम आठवलं.

"वहिनी, मी तार सोडली असती हो," दीर कसाबसा म्हणाला.

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज कडकच राहिला. "कुणी ठिणगीला देव म्हटलं, तर ती पडली कशी एवढं विचारत जा. विचारल्यावर पळतो तो देव नसतो, पकडला गेलेला माणूस असतो."