विसरल्याचा दाखला

माझी स्मरणशक्ती गेली आहे, असा दाखला माझ्या कपाटात आहे. त्यावर डॉक्टरांची सही आहे, शिक्का आहे आणि सोळा सप्टेंबर ही तारीख आहे. त्या दिवशी मंगळवार होता. डॉक्टरांनी वार विचारला तेव्हा मी शनिवार म्हणाले.

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पवनारला आमचं घर बसस्टँडपासून जवळ, त्यामुळे जुने विद्यार्थी येता-जाता डोकावतात. कोणाचं लग्न कोणत्या साली झालं, धाम नदीला मोठा पूर कधी आला होता, हे सगळं मला विचारतात. माझा मुलगा धनंजय पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, "आमच्या आईले विचारा, कागद पाहाची गरजच नाई." आता सांगत नाही.

नीलेश असाच एक विद्यार्थी. चौथीत पाढे म्हणताना नेहमी तेरावर अडायचा. आता विमा विकतो. गेल्याच्या आधीच्या डिसेंबरात तो आमच्याकडे आला, माझ्या पाया पडला आणि धनंजयसमोर कागद पसरून बसला.

"बाई, मेडिक्लेम म्हंजे दवाखान्याचं बिल. हे वेगळं आहे. यादीतला मोठा आजार निघाला का एकरकमी दहा लाख. कंपनी बिल मागत नाई. त्या पैशानं औषध आणा, नाई तं घर चालवा."

मी विचारलं, "कोणत्या यादीतला?"

"कॅन्सर, बायपास, किडनी, लकवा. साध्या तापाले नाई देत, बाई."

माझी सून नमिता वर्ध्याच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. शिकवायची, म्हणायला हवं. तिथे आजारपणाची रजा म्हणजे बिनपगारी. धनंजय सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. मालकाने काढलेला मेडिक्लेम घरात होताच, पण कमावतं माणूस सहा महिने अंथरुणाला खिळलं तर घर कशावर चालणार, हा नमिताचा प्रश्न होता. तो चुकीचा नव्हता. मीही म्हणाले, घ्या.

नीलेश शेवटचं पान भराभर उलटू लागला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. वर्गात ठेवायचे तसाच.

"यात काय लिहिलं आहे?"

"ते पहिल्या नव्वद दिवसांचं. तेवढ्यात आजाराचं लक्षण जरी दिसलं तरी पैसे भेटत नाई."

"काऊन?"

"लोकं अदुगर आजारी पडते अन् मंग पॉलिसी घेते ना, बाई!" तो हसला. आम्हीही हसलो. नमिता सर्वांत जास्त हसली. चाळिशीची, धडधाकट बाई. स्कूटीवर मागे वह्यांचा गठ्ठा बांधून रोज वर्ध्याला जायची.

पॉलिसी दत्तजयंतीला सुरू झाली.

संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाणात स्टीलच्या चाळण्या दिल्या. बायका निघून गेल्यावर नमिता स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. "आई, जरा हात लावून पाहा ना," म्हणाली. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, भिजवलेल्या हरभऱ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती.

मी म्हणाले, "उद्याच जाजो. शाळेले दांडी मार."

ती गेली. संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, दाखवलं, साधी गाठ आहे, गोळ्या दिल्या आहेत. मी विश्वास ठेवला. माझ्याशी ती त्याआधी कधी खोटं बोलली नव्हती.

मी दहा वर्षांची असताना माहेरी, आंजीला, माझ्या आईच्या गळ्याला अशीच गाठ आली होती. वडिलांनी शेतातली चालू डवरणी थांबवली, डवऱ्याचे बैल सोडून गाडीला जुंपले, आणि दुपारच्या आत आम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात होतो. गाठ साधी निघाली. वडील परत येताना गाडीत मोठमोठ्याने गाणं म्हणत होते. जुनं सगळं चांगलंच होतं असं नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी गाठ लाजेपायी लपवली आणि त्या वर्षभरात गेल्या. पण पैशाचे दिवस भरावेत म्हणून कोणी गाठ लपवल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारी गेला. धुळवड झाली. नमिता कुशीवर झोपताना कण्हायची. मी विचारलं की म्हणायची, वह्या तपासून खांदा दुखतो. गुढीपाडव्यानंतरच्या गुरुवारी धनंजय एकदम म्हणाला, मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ. ते दोघं स्कूटीवर गेले, मीही मागून ऑटोने गेले. तो पैसे भरायच्या रांगेत उभा राहिला, इतक्यात नमिताचा नंबर लागला, म्हणून आत मी गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासताना त्यांचा चेहरा बदलला. गाठ आता लिंबाएवढी होती. त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

नमिता खाली पाहत राहिली. मला वाटलं, घाबरली आहे, आठवत नसेल. मी म्हणाले, "चोवीस जानेवारीला कळलं. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तेव्हा हरभऱ्याएवढी होती. दुसऱ्या दिवशी दाखवलं हिनं, साधी आहे म्हणाले."

"कुठे दाखवलं? कागद आहेत?"

नमिता हळूच म्हणाली, "नाही दाखवलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहायला लागल्या. त्यांचं पेन चाललं होतं आणि मी नमिताच्या पायांकडे पाहत होते. तिने दोन वेगवेगळ्या चपला घातल्या होत्या.

बाहेर आल्यावर धनंजयला कळलं. तो पार्किंगमध्येच ओरडला.

"आई, तुले कोणं बोलाले सांगतलं होतं? पंधरा दिवस झाले, एवढंच सांगाचं ठरलं होतं आमचं!"

"कोणाचं ठरलं होतं?"

नमिताने सांगितलं. हळदीकुंकवाच्या रात्री त्याने नीलेशला फोन केला होता. नीलेश म्हणाला होता, आता कागदावर आलं तर एक रुपया मिळणार नाही. दत्तजयंतीपासून नव्वद दिवस धुळवडीला भरत होते. मग त्यांनी आणखी वीस दिवस घातले, कंपनीला संशय नको म्हणून.

"साधीच गाठ असंन असं वाटलं, आई," धनंजय म्हणाला. "अन् नसती तं पैसे तरी आले असते."

मी म्हणाले, "साधी असती तं पैसे कशाचे आले असते रे?"

स्कूटी होती तिथेच राहिली आणि आम्ही तिघं ऑटोने घरी आलो.

आजार मणक्यापर्यंत पोचला होता. एप्रिलमध्येच दहा आठवड्यांच्या उशिराने फरक पडतो का, असं मी डॉक्टरीणबाईंना एकटीने जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं." मी इतकी वर्षं मास्तरकी केली आहे. पालकांना मीही असंच सांगायचे, जेव्हा मूल नापास होणार हे मला माहीत असायचं.

श्रावणात कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. माझी नात इला दहावीला आहे, तिने वाचून सांगितलं. लक्षणं नव्वद दिवसांच्या आत दिसल्याचं रुग्णाच्या सासूने डॉक्टरांसमोर सांगितलेलं आहे, सबब दावा नामंजूर. इला "सासूने" या शब्दावर थांबली. मग पुढचं वाचलं.

नीलेश आला, पण चपला न काढता ओसरीतच उभा राहिला.

"मी थांबा म्हटलंच नाई, बाई. मी फक्त नियम सांगतला."

"पाढा चुकला तरी तू असंच म्हणाचास. पुस्तकातच तसं आहे म्हणून."

त्याचे डोळे भरून आले. मला त्याची दया आली नाही. पण त्यानेच धनंजयला बाजूला नेऊन पुढची वाट सांगितली. पुन्हा अर्ज करता येतो. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. त्यांना नीट आठवत नाही, त्या तारखांचा घोळ करतात, असा डॉक्टरचा दाखला जोडला तर केसपेपरावरची ती ओळ कच्ची ठरते.

धनंजयने मला स्वतः विचारलं नाही. त्याने नमिताला विचारायला लावलं. तिचे केस गेले होते. उकाड्यातही ती डोक्याला माझा जुना सुती स्कार्फ बांधायची.

"आई, तुम्हाला पटत नसेल तर नका करू."

"तुला काय वाटतं?"

तिने स्कार्फ कपाळावर पुढे ओढला. "इलाची अकरावी आहे पुढे," म्हणाली. "यांच्या एकट्याच्या पगारात नाही होणार."

मी गेले. वर्ध्यातला तो डॉक्टर सज्जन होता, म्हाताऱ्या माणसांशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायचा. त्याने सांगितलं, आजी, तीन शब्द लक्षात ठेवा: सायकल, लिंबू, खिडकी. मग वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी त्र्याण्णवनंतर ऐंशी म्हणाले. ज्या बाईने हजारभर पोरांना वजाबाकी शिकवली, तिने ऐंशी म्हटलं. धनंजय शेजारी बसून मान हलवत होता, जणू त्याला फार दिवसांपासून हे दिसतच होतं.

"ते तीन शब्द सांगता का, आजी?"

"कोणते शब्द?" मी म्हणाले.

डॉक्टरने धनंजयकडे कळवळून पाहिलं आणि दाखला लिहिला.

कंपनीचं दुसरं पत्र दिवाळीनंतर आलं. सासूने सांगितलं तेव्हा रुग्ण तिथेच हजर होती आणि तिने ते नाकारलं नाही, म्हणून आधीचाच निर्णय कायम. दाखल्याचा काही उपयोग झाला नाही. घरात मात्र झाला. धनंजय आता गॅस मी बंद केला की नाही ते पुन्हा जाऊन पाहतो. नमिताच्या गोळ्या मला देऊ देत नाही. परवा फोनवर कोणाला तरी सांगत होता, "आईचं काही खरं नाई आता, तारखा-बिरखा विसरते." मी भाजी निवडत होते. तो ते कंपनीसाठी बोलत नव्हता.

काल संक्रांत झाली. यंदा हळदीकुंकू नाही. इलाने तिळाच्या वड्या केल्या, जरा कडक झाल्या. नमिताला चावत नाहीत म्हणून मी एक वडी खलबत्त्यात कुटून वाटीत घेऊन गेले. ती आता पलंगावरून उठत नाही. खिडकीतून रस्त्यावरच्या बायका दिसत होत्या, काळ्या साड्या, हातात वाण. धनंजय दाराजवळ स्टुलावर बसला होता.

ती म्हणाली, "आई, तुम्ही मला दुसऱ्याच दिवशी जा म्हणाला होतात ना?"

धनंजयने मान खाली घातली.

"सांगा ना. त्या दिवशी गेले असते तर... तुम्ही नक्की काय म्हणाला होतात? शाळेला दांडी मार, असंच ना?"

ती माझ्याकडे पाहत होती. मला त्या संध्याकाळचं सगळं दिसत होतं. ओट्यावर उरलेल्या तीन चाळण्या, तिची जांभळी साडी, माझ्या बोटांखाली ती गाठ. तिला हो म्हटलं असतं तर उरलेले दिवस तिने त्या एका वाक्याबरोबर काढले असते.

"मले नाई आठवत, नमिता," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"दाखला आहे ना माह्या कपाटात."

ती हसली. फार दिवसांनी. धनंजय उठून बाहेर गेला. मी चमच्याने तिळगूळ तिच्या तोंडात घातला आणि ती सावकाश चघळत राहिली.