अभनपुरच्या ड्रायरची ओळ

गंधालीने तिसऱ्यांदा बिल्ड लावला आणि तिसऱ्यांदा स्क्रीनवर चूक दाखवणारी तीच लाल ओळ आली. ती उठली, तेलीबांध्याच्या तळ्याकडची खिडकी उघडली, लावली, परत येऊन बसली. छे, जीव थाऱ्यावर राहीना.

सकाळी तिने एक मॅक्रो, कोडमध्ये जागोजागी वापरायचा छोटा तुकडा, तेवढा सुधारला होता. स्ट्रक्चरमधल्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीतल्या, एका भागाचा पत्ता दिला, की ठरलेली पावलं मागं जाऊन तो अख्ख्या स्ट्रक्चरचा पत्ता काढतो. स्वयंपाकघरातून पावलं मोजत दारात यावं तसं. जुना मॅक्रो मोठा भोळा. देवघरातून निघालात तरी तेवढीच पावलं मोजायचा आणि शेजाऱ्याच्या दारात नेऊन उभा करायचा, वर चकार शब्द नाही. आता तो आधी विचारत होता, दिलेला पत्ता ठरलेल्या प्रकाराचाच आहे ना? एका ठिकाणी नव्हता. टायमरचा द्यायचा तिथं सेन्सरचा दिला होता. ड्रायरचा पंखा बंद पडला तरच चालणारी, बर्नर विझवणारी ओळ. चार वर्षांपूर्वीची, तिच्याच हातची.

त्याच वर्षी अभनपुरच्या राइस मिलमध्ये, तिच्या कोडवर चालणाऱ्या ड्रायरचा पंखा बंद पडला होता आणि बर्नर तसाच धडधडत राहिला. धान करपलं. सगळ्यांनी, तिनेही, वायरिंगकडे बोट दाखवलं, आणि वायरिंग करणाऱ्या रामकृष्णकाकांना कंपनीने घरी बसवलं.

"ओळ सुधार अन् रिलीज कर," तिने जाऊन सांगितल्यावर मालक शिशिरभैया म्हणाले. "जुनं काहून उकरून राहिली?"

"भैया, काकांची चूक नव्हती."

"झालं ते झालं. कोणी विचारलं काय तुले?"

तिने ओळ सुधारली. बिल्ड झाला. तरी तिला स्वतःची लाज वाटत राहिली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"काका, तुमचं वायरिंग बरोबर होतं. चूक माझ्या कोडमध्ये होती. आज सापडली. मी लेखी देते."

आता शिव्या बसणार, असं तिला वाटलं. बसाव्यात, असंही वाटलं.

"मले माहीत होतं बेटा," काका म्हणाले. "तीनदा तपासलं होतं मी."

"नोकरीचं मी भैयांशी..."

"ते पाहू मग. आधी एक कर. आमच्या यामिनीले फोन देतो, तिले सांग हेच."

गंधालीने कठडा घट्ट धरला. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"हां दीदी, बोलिए," मुलीचा कंटाळलेला आवाज आला. "पापा से फिर कुछ गड़बड़ हो गई क्या?"