पैलवानाचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. आधी ते पाय आपटणं बंद करा, माझी सुई हलते. आणि झोळीला हात लावून उभं राहू नका. हात लावला की माझ्या तोंडून खोटं निघतं, आणि खोटं निघालं की माझं डोकं फिरतं. मग मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

तर मी लहान पोरांचा काटा. गोल तोंड, वर अडकवायला एक हूक, खाली एक हूक, त्याला कापडाची झोळी. झोळीत पोर घालायचं, हात सोडायचे, मी किती ते सांगतो. तोंडावर सांगतो. माझ्या पोटात एकच स्प्रिंग आहे, तिथं लाडीगोडी ठेवायला जागा नाही.

शिक्षण म्हणाल तर बेताचंच. कारखान्यात ठोकून ठोकून पंचवीसपर्यंत आकडे शिकवले आणि म्हणाले, जा, तुला एवढे बास. माझा सख्खा भाऊ त्याच दिवशी तयार झाला, तो कोंबडीवाल्याकडे गेला. त्याच्याकडे वजन झालं की जीव जातो. मला लहान मुलांच्या हॉस्पिटलनं नेलं. म्हटलं, नशीब काढलं! पंख्याखाली भिंतीवर लटकायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडे सांगायचे.

कसलं काय! ड्रायव्हरमामानं मला उचललं आणि गाडीत सीटखाली कोंबलं, जॅकच्या शेजारी. जॅक म्हणजे एक नंबरचा तेलकट माणूस. आणि आमची सिस्टर पुढं बसून मामाला सांगतेय, "मामा, पोरगं आजारी पडून आपल्या दारात येण्याआधी आपण त्याच्या दारात जायचं." मी म्हटलं, ह्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे का? दुकानदार कधी गिऱ्हाईक कमी करायला घरोघरी फिरतो का? पण हे हॉस्पिटलच तसलं उफराटं. गल्लीगल्लीत जायचं, लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते शिकवायचं. आणि प्रत्येक पोराला माझ्यावर टांगायचं.

आमचा एक मुक्काम सुताराच्या शेडमध्ये असायचा. महिन्यातून एकदा म्हातारा सुतार आपली लाकडं बाजूला सारून अर्धी शेड आम्हाला द्यायचा. मला मधल्या तुळईला अडकवायचे. पण म्हातारा काम थांबवायचा नाही. तिकडं करवत चालली की तुळई हलायची, तुळई हलली की मी हलायचो. मग सगळ्या बाया एका सुरात ओरडायच्या, "करवत थांबवा हो!" म्हातारा करवत थांबवायचा, मी आकडा सांगायचो, पुन्हा करवत सुरू. पोरं भुशानं खोकतात म्हणून हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईनं एकदा त्याला झाडला होता. तेव्हापासून तो भुशावर पाणी शिंपडायचा, पण करवत काही सोडायचा नाही.

आणि माणसं काय एकेक! पोराला झोळीत घातलं की बाप स्वतःचा श्वास रोखून उभा. अरे, तुला टांगलंय का? एक बाई वजनाच्या आधी पोराला घटाघटा पाणी पाजून आणायची. दुसरी सिस्टरला म्हणे, "जरा वाढवून लिहा की हो. भाजीवालासुद्धा मूठभर जास्त टाकतो." पोरांचं तर विचारूच नका. माझ्या झोळीत जेवढी मुतली तेवढी कुणाच्या मांडीवर मुतली नसतील.

आता मुद्द्यावर येतो. त्या सुताराच्याच घरात एक नातू झाला. आजोबांनी लाडानं नाव ठेवलं पैलवान. पोराचा बाप ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, सून दोऱ्याच्या कारखान्यात कामाला. पोर दिवसभर आज्जीकडं. आणि आज्जी म्हणजे तोंडाचा पट्टा! साऱ्या गल्लीला सांगून मोकळी, "मी पाच वाढवलीत. ह्याला तर डोळे मिटून वाढवीन. सूनबाई, तू बिनघोर कामाला जा."

पैलवान नावाचाच पैलवान. मान म्हणजे देठ, हातपाय म्हणजे काड्या. पहिले दोन महिने मी तोंडावर सांगितलं, कमी आहे. शेडमध्ये कुजबूज झाली. एका बाईनं डाव साधला, "काय हो आज्जी, तुमच्याच शेडमध्ये काटा, आणि तुमचंच पोर हलकं?"

आज्जी गप्प. ती गप्प बसली तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पुढच्या महिन्यात पैलवान आला तो लोकरीचा कोट घालून. जाड, काठाला दुहेरी शिवण घातलेला. सिस्टर म्हणाली, "आज्जी, कोट काढा. कपड्यासकट वजन करत नाही आपण."

"सर्दी झालीय त्याला. उघडा केला आणि छातीत भरलं तर तू येणार आहेस का रात्री शेक द्यायला?"

रांग मोठी होती, पोरं बोंबलत होती. सिस्टर म्हणाली, "बरं, कोटाचं थोडं वजा करते." टांगलं. मी सांगितलं, वाढलं. आज्जीनं त्या टोमणेवाल्या बाईकडं असं बघितलं की तिचं पोरसुद्धा रडायचं थांबलं.

पण मला काय ते कळलं होतं! अहो, जिवंत वजन वळवळतं. पोर लाथा झाडतं, माझी सुई नाचते. लोखंड ढिम्म बसतं. झोळीत पैलवान कमी आणि लोखंड जास्त होतं. मी ओरडून ओरडून सांगायला बघत होतो, पण मला आकड्यांशिवाय दुसरी भाषा येत नाही. जे अंगावर आहे त्याचा आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. खोटं दुसऱ्यानं करायचं आणि माझ्या तोंडून वदवायचं! अशी चीड आली म्हणून सांगू!

महिन्यामागून महिना तेच. कोट तोच, सर्दी तीच. पोर वाढतंय हे दाखवायचं म्हणून कोटाच्या काठात दर खेपेला थोडं लोखंड वाढायचं. तिकडं म्हातारा सुतार डबे उपसत बोंबलतोय, "अगं, कपाटाच्या बिजागऱ्या कुठं गेल्या? गिऱ्हाईक दारात बसलंय!" आज्जी म्हणे, "तुम्हाला तुमचा चष्मा सापडत नाही, बिजागऱ्या काय सापडणार?"

आमच्याकडं एक दंडाची पट्टी होती. पोराच्या दंडाला गुंडाळायची, रंग बघायचा. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे धोका. कागदाएवढी पातळ, पण तोरा केवढा! एकदा सिस्टरनं पैलवानाची बाही वर सरकवली आणि पट्टी गुंडाळली. लाल.

मी सांगतोय वाढलं, पट्टी सांगतेय लाल. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, पट्टीकडं बघितलं, आणि मामाला म्हणाली, "मामा, काटा बिघडला वाटतं."

मी? बिघडलो? आयुष्यभर ग्रॅमाग्रॅमानं खरं सांगितलं त्याचं हे फळ! आज्जीनं लगेच दुजोरा दिला, "नाहीतरी जुनाच झालाय तो." थेरडे, म्हटलं, तुझ्या बिजागऱ्या मी पोटावर झेलतोय आणि जुना मीच काय? मामानं मला सीटखाली टाकलं. जॅक म्हणाला, "आता इथंच राहा, सोबत होईल." वाटभर मी खडखडत आलो.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईनं मला टेबलाजवळ टांगलं आणि शिक्क्याचं वजन अडकवलं. पाच किलो. मी म्हटलं, पाच. दुसरं अडकवलं. दहा. मी म्हटलं, दहा. हवं तर रात्रभर विचारा! बाई खुर्चीत मागं टेकली. "सिस्टर, काटा चोख आहे. पट्टी पण बरोबर आहे."

"मग बाई?"

"मग मधलं काहीतरी चुकतंय. महिनाभर थांबायचं नाही. उद्याच जाऊ, मी येते."

दुसऱ्या दिवशी, आधी निरोप धाडून, गाडी शेडसमोर उभी राहिली. आज्जी दारातच, तोंड पडलेलं. त्या दिवशी सून पण घरी होती, सुट्टीची. पैलवान तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेला, अंगात कोट.

"आज्जी, कोट काढू या," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"सर्दी..."

"दार लावून घेऊ. माझा स्वेटर पांघरू त्याला."

"कोट निघत नाही. गुंडी अडकलीय."

"आई, काढा ना," सून म्हणाली, "सकाळी मीच घालत होते तर तुम्ही हातातून ओढून घेतलात."

आज्जी कोट पोराच्या छातीशी गच्च धरून उभी. पोर कोटात, कोट आज्जीच्या मुठीत. कुणी हलेना. तेवढ्यात पैलवानानं स्वतःच निकाल लावला. सुर्रर्र! आज्जीच्या हातावर, कोटावर, खाली भुशावर. ओल्या कोटात तर पोराला ठेवता येत नाही. सुनेनं झटक्यात कोट उपसला आणि दोरीवर टाकायला झटकला, तशी काठाची शिवण उसवली.

खण्. खण्. खण्. खण्.

करवत आपोआप थांबली. म्हातारा आला, खाली वाकला, एक बिजागरी उचलली, चष्म्यासमोर धरली. "अगं... ह्या तर माझ्या कपाटाच्या!"

मी मनात म्हटलं, आता होऊन जाऊ दे! मी डॉक्टरच्या जागी असतो ना, तर अशी आरडाओरड केली असती की तुळई खाली आली असती. पण ती बाई खाली बसली. भुशात. आज्जीचा ओला हात धरला आणि म्हणाली, "आज्जी, का हो?"

आज्जीच्या तोंडाचा पट्टा पहिल्यांदा अडखळला. "मी भरवते हो बाई. देवाशपथ भरवते. घरातलं सगळं आधी त्याला. पण तो चार घोट पितो आणि दमतो. कपाळावर घाम येतो दूध पिताना. थांबते, पुन्हा पाजते, पुन्हा दमतो. लोक म्हणाले असते, म्हातारीला पोर सांभाळता येत नाही. सूनबाईनं काम सोडलं असतं. म्हटलं, महिन्याभरात भरेल अंग, मग काढीन एकेक..."

"थांबा. काय म्हणालात? दूध पिताना घाम येतो?"

"थंडीतसुद्धा."

डॉक्टरीणबाईनं नळी कानाला लावली, पैलवानाच्या छातीवर ठेवली. "करवत बंदच ठेवा," म्हणाली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, तुमचं भरवणं चुकलेलं नाही. ह्याच्या हृदयाला छिद्र असावं. जे पोटात जातं ते सगळं श्वास घेण्यातच खर्च होतं, अंगाला लागणार कुठून? चला, गाडीत बसा. सगळे."

आणि मला? मला टांगलं पुन्हा. उघडा पैलवान झोळीत. मी खरा आकडा सांगितला. सांगताना मला लाज वाटली, एवढा लहान आकडा होता. सून रडली. आज्जी रडली नाही, ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली.

पुढं हॉस्पिटलनं ते छिद्र बुजवलं. त्याआधी किती दिवस औषधं, किती दिवस नळीनं दूध, ते सांगत बसत नाही. आज्जीला पोराजवळ राहायला खोली दिली. सुनेला कारखान्यातून रजा मिळावी म्हणून डॉक्टरीणबाई स्वतः मुकादमाशी भांडली. ते भांडण ऐकायला मिळालं नाही ह्याचं मला अजून वाईट वाटतं. ऑपरेशनच्या दिवशी म्हातारा सुतार हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होता. हाताला चाळा पाहिजे म्हणून त्यानं तिथली करकरणारी तीन दारं दुरुस्त केली. बिजागऱ्या त्याच घातल्या, कोटातल्या. एक तेवढी आज्जीनं ठेवून घेतली.

पैलवान परत आला आणि झोळीत बसून त्यानं अशी लाथ मारली की माझी सुई गरगरली. आयुष्यात लाथ एवढी गोड लागली नव्हती.

आता गाडीत बॅटरीचा काटा आलाय. लाल आकडे दाखवतो. बॅटरी संपली की बसतो मुका होऊन. मला हॉस्पिटलनं सुताराच्या शेडमध्येच कायमचं ठेवलंय, तुळईला. आणि माझ्या खाली स्टूल टाकून बसते कोण? आज्जी! गाडी यायच्या आधी सगळी पोरं तीच तपासते. कुणी कोट घालून आणलं की संपलंच. "काढ तो. मला शिकवतेस? ह्या धंद्यात मी तुझ्या आधीची आहे!" नवी आई लाजली की आज्जी ती जपून ठेवलेली बिजागरी माझ्या झोळीत टाकते. सुई थोडी पुढं सरकते. "बघितलंस? काटा फसत नाही, आपण फसतो. पोर दमत असेल, घाम येत असेल, खात नसेल, तर ते आधी तोंडानं सांग. इथं कुणी मारत नाही."

मला मारावंसं वाटतं कधी कधी. पण मला हात नाहीत.

तुम्हालाही तेच सांगतो, आणि एकदाच सांगतो. पोराचा खरा आकडा लपवू नका. लहान असला तर असू दे. लहान आकडा ही शिवी नाही, हाक आहे. हाक दाबली तर धावून कोण येणार?

परवा पैलवान शाळेतून आला. दप्तर फेकलं, आणि झोळीत पाय घालून बसला, घोडा घोडा करत. "अरे, तुळई तुटेल!" म्हातारा ओरडला. "करवत थांबवा हो!" आज्जी ओरडली, "मला बघू दे!" करवत थांबली. माझी सुई वीस ओलांडून गेली, बावीस, चोवीस, आणि पंचवीसच्या टोकाला जाऊन ठक् करून अडकली.

"किती झालं गं आज्जी?"

आज्जीनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मी काय सांगणार? त्याच्या पुढचे आकडे मला शिकवलेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर आलं नाही, तोंडून खोटंच निघालं, आणि तरी माझं डोकं फिरलं नाही.