दारावरची पिवळी पिशवी

शनिवार, १३ फेब्रुवारी २०२१, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात, आपल्या स्वयंपाकघरात मंजूषा केतकरने मिसळीच्या पातेल्याखालचा गॅस बंद केला. मिसळ चाळीस जणांना पुरेल एवढी होती. मागणी तिघांची होती.

त्याच दिवशी मुगाच्या खिचडीच्या मागण्या अकरा होत्या.

बुधवारी तिने मिसळीचा फोटो गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तेव्हा साठेक जणांनी अंगठे दिले होते. कुणी ‘तोंडाला पाणी सुटलं’ असंही लिहिलं होतं.

“तिखट असेल म्हणून घाबरले असतील,” दिलीप म्हणाला. तिचा नवरा आइंडहोवनच्या एका कंपनीत इंजिनिअर होता. वर्षभर तो जेवणाच्या टेबलावरून ऑफिस चालवत होता आणि संध्याकाळी सायकलवरून डबे पोचवत होता.

“खाल्ल्याशिवाय तिखट कसं कळलं त्यांना?”

“मला काय विचारतेस? त्यांना विचार.”

“विचारलं की जानेवारीत.”

विचारलं होतं खरं. वाखनिंगनच्या विद्यापीठात अन्नशास्त्र शिकताना तिने लोकांना नंबर घातलेल्या वाट्यांतून सूप चाखायला देऊन मतं गोळा केली होती. त्याच शिस्तीने तिने गिऱ्हाइकांना सहा प्रश्न पाठवले. उत्तरं आली ती ‘अप्रतिम’, ‘आईची आठवण आली’, ‘ताई, तोड नाही’. काय बदलावं, या सहाव्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. प्रश्न तिने ग्रुपवर टाकले होते, सगळ्यांच्या देखत.

आता शुक्रवारपर्यंत तिला खरं उत्तर हवं होतं. चर्चजवळ आइस्क्रीमवाल्याची रिकामी झालेली छोटी जागा भाड्याने मिळत होती. मालकाला हो की नाही, ते शुक्रवारी पाचच्या आत कळवायचं होतं. प्रयोगशाळेतलं कंत्राट संपल्यापासून ती घरून डबे देत होती. त्या जागेत मिसळ, वडे, थालीपीठ बांधून द्यायचं, दारावर पाटी लावायची, असा बेत होता. पण मिसळ कुणाला नकोच असेल तर?

बारा वाजता उरलेल्या मिसळीतला एक डबा घेऊन ती गिऱ्हाइकांपैकीच एक असलेल्या शामलामावशींकडे गेली. मावशी मुलाकडे, यशकडे, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्याला वर्ष झालं. मंजूषाने पिशवी दाराच्या मुठीला अडकवली, बेल दाबली आणि मागे सरकली. खिडकी उघडली.

“अगं, काढ ती आधी!”

“काय काढू, मावशी?”

“पिशवी! समोरच्या घरातून इरावतीचा फोन येईल आत्ता, ताप किती आहे म्हणून.”

“ताप? कुणाला?”

“आम्हाला गं. तुझी पिशवी दारावर म्हणजे घरात कोरोना. सगळ्या आळीला माहितीये.”

हळदीच्या रंगाच्या त्या कापडी पिशव्या मंजूषाने स्वतः शिवल्या होत्या, लांबून ओळखू याव्यात म्हणून.

“नोव्हेंबरात यशला झाला, तेव्हा तुझ्या खिचडीवर जगलो,” मावशी म्हणाल्या. “डिसेंबरात मला नुसती हौस आली म्हणून मागवली. तर शेजारच्या योकेबाईंनी लवकर बरे व्हा म्हणून कार्ड टाकलं टपालपेटीत. वर संत्री. परत कशी करणार? खाल्ली.”

मंजूषाला हसू आवरेना.

“हसू नकोस. यशच्या फोनमध्ये तुझं नाव काय आहे, ठाऊक आहे? कोरोना खिचडी.”

“मग जानेवारीत लिहिलं का नाहीत?”

“चारचौघांत? मी पुण्याची असले तरी एवढीही नाही.”

घरी येऊन मंजूषाने नऊ जणांना एकेक करून फोन लावले. सात जणांनी आढेवेढे घेत तेच सांगितलं. मालिनी नावाची एक जण म्हणाली, “ताई, आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. मागे टेबलावर तुमची पिशवी दिसली, तर ती रडायलाच लागली. तिला पटवण्यात अर्धा तास गेला.”

मंजूषाने सगळं वहीत उतरवलं.

“खिचडीचंच दुकान काढ,” दिलीप म्हणाला. “नाव तयार आहे.”

“साथ संपली की मग?”



बुधवारी तिने पुन्हा मिसळीचा फोटो टाकला. तोच फोटो, तोच मजकूर. खाली फक्त एक ओळ वाढवली: साध्या तपकिरी कागदी पिशवीतून मिळेल. बाकी काहीही बदलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. वीस मागण्या आल्या तर जागा घ्यायची.

शुक्रवारी, १९ तारखेला, दुपारी साडेचारपर्यंत मिसळीच्या सतरा मागण्या आल्या होत्या. आणखी दोघांनी पिशवी नक्की कागदीच ना, एवढं विचारलं होतं, पण मागणी नोंदवली नव्हती.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी यशचा निरोप आला. “ताई, दोन खिचडी. या वेळी आईला झालाय. पिशवी पिवळीच लावा, म्हणजे शेजारी चौकशी करतील. मी नायमेखनला अडकलोय, रात्रीपर्यंत पोचतो.”

दिलीपने सायकल बाहेर काढली. मंजूषाने खिचडी भरली, पिवळी पिशवी घेतली आणि गाठ मारली. पाचला आठ मिनिटं कमी होती. जागेच्या मालकाला तिने अजून फोन केलेला नव्हता.