एकाच भोकाचा कागद

तिचं नाव तुम्ही कापलंत, सेक्रेटरीसाहेब, आणि कापण्याआधी तिचा कागद एकदा उजेडात धरायचेही कष्ट घेतले नाहीत.

ती बसमध्ये कंडक्टर. हलत्या जमिनीवर उभं राहून राहून स्थिर जमिनीवर तिचेच पाय डगमगायचे. तुमच्या रायफल क्लबात पहिल्याच दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "बाई, स्टॉप आला, डुलणं थांबवा!" सगळे फिदीफिदी हसले. तीही हसली. पण घरी पोचेपर्यंत ते हसू काट्यासारखं सलत राहिलं.

स्वतःची रायफल घ्यायची ऐपत नव्हती. क्लबाची जुनी हवेची रायफल फक्त सुट्टीच्या दिवशी मिळायची. म्हणून तिने घरी एका फळीला रायफलीइतकं वजन यावं म्हणून पाण्याची बाटली बांधली, भिंतीवर काळा ठिपका काढला आणि रोज ती फळी खांद्याला लावून उभी राहू लागली.

"वहिनी, पाल मेली का?" भिंतीवर रोखलेली फळी बघून नणंद विचारायची.

"पालीला सोडलंय. आधी तुमची बडबड मारते."

हळूहळू पाय थांबले. जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिकीट देतानाही नजर प्रवाशाच्या शर्टाच्या बटणावर खिळायची. एकाने तर झापलंच, "काय बघता हो?"

कारण चाचणी जवळ आली होती, आणि तीत नापास झालेल्या नवशिक्याला रायफल कायमची बंद. हा नियमही तुमचाच.

चाचणीच्या सकाळी रायफल तिच्या आधी कुणीतरी वापरली होती आणि नेम जुळवायचा स्क्रू आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवून ठेवला होता. तिचा पहिला छरा डावीकडे खाली गेला.

"सर, स्क्रू फिरलाय. सरळ करू?" तिने प्रशिक्षकांना विचारलं.

"नवशिक्यांनी स्क्रूला हात लावायचा नाही."

"मग तुम्ही करा."

"चाचणी सुरू झालीय. नेमाकडे बघा."

मुद्दाम उजवीकडे, वर नेम धरता आला असता. पण फळीने तिला एकच शिकवलं होतं: ठिपका सोडायचा नाही. शिवाय तिला वाटलं, कागद बघणाऱ्याला कळेलच. इथेच बाई फसली. तुम्ही नुसती गुणांची बेरीज केलीत, "नेम नाही" असा शेरा मारलात आणि कागद टोपलीत टाकलात.

तोच कागद उचलून ती तुमच्या टेबलापुढे उभी आहे. खांद्याला तिकिटांची बॅग. कागदात मधल्या वर्तुळापासून लांब, डावीकडे खाली एकच भोक, करंगळीही शिरणार नाही एवढं. सगळे छरे त्यातूनच गेलेत.

"हात हलला असता तर कागदाची चाळण झाली असती, साहेब."

"बाई, नियम म्हणजे—"

फाटकाबाहेर तिची बस उभी आहे. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतोय, प्रवासी खिडक्यांतून ओरडतायत. तिचे पाय जागचे हलत नाहीत.

"नियम मला पाठ आहेत. चुकलं कोण, माझा हात की तुमचा स्क्रू? गाडी थांबवून आलेय मी. बोला."