पाळी कोणाची?

आरतीची शेवटची टाळी पडली, प्रिंटरमधून कागद बाहेर आला आणि लॅबमध्ये एकच जल्लोष झाला.

"चारशेपैकी चारशे! एकही रीडिंग गळलं नाही!"

"वीज म्हणजे अग्नी, पंखा म्हणजे वायू," मिनिकॉम्प्युटरला अंगारा लावत मराठी मंडळींतले वडीलधारे श्रीरामकाका म्हणाले. "पंचमहाभूतंच ही! विटाळ कसा सोसेल?"

१९८७ साल, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं विद्यापीठ. प्रयोग विनीताचा आणि विटाळही तिचाच, म्हणून ती कालपासून बाहेर कॉरिडॉरमध्ये बसली होती. परवा, शुक्रवारी, प्रोफेसरांसमोर तिने स्वतः प्रयोग चालवला नाही, तर नागपूरला परत जावं लागणार होतं.

तिची मैत्रीण उत्तरा हिने रवीला गाठलं. लॅबचं मशीन तोच सांभाळायचा.

"काकांना हे सुचलं कुठून?"

"मी फक्त म्हटलं, विनीताचं काम पाळीमुळे अडतंय."

"म्हणजे मशीनवरची पाळी ना?"

"हो ना यार! पाच जण आपापले प्रोग्राम कंपाइल करतात, मशीन त्यातच गुंततं, आणि तिचा प्रोग्राम त्याच रांगेत. पाळी येईपर्यंत रीडिंग निसटतं."

"मग काकांना सांगितलं का नाहीस?"

"तो शब्द काकांसमोर पुन्हा काढू?"

उत्तरा आत गेली. "काका, आरती परत म्हणा. विनीता बाहेरच राहू दे. फक्त टाळ्या न वाजवता सगळ्यांनी कंपाइल चालवा."

चारशेपैकी दोनशे एकसष्ट.

"भाव कमी पडला," काका म्हणाले. माना डोलल्या.

रवीने कर्नलच्या, म्हणजे मशीनची कामं वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, कॉन्फिगरेशनची फाइल उघडली. महत्त्वाच्या कामाला रांगेत पुढे घेणारी रिअल-टाइम प्रायॉरिटी तिथे बंद होती. ती चालू केली, कर्नल नव्याने बांधला, विनीताच्या प्रोग्रामला पहिला नंबर दिला. पाचही जण कंपाइल करत होते, आरती नव्हती. चारशेपैकी चारशे.

"काकांची कृपा!" कोणीतरी म्हणालं.

उत्तरा कागद घेऊन कॉरिडॉरमध्ये आली. "चल आत."

"माझी पाळी नाहीचे गं," विनीता हळूच म्हणाली. "पण हे कोणाला सांगू? आणि मी बाहेर बसले तेव्हाच मशीन चाललं ना?"

"तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, विनू. कीबोर्डवर एकही हात नव्हता."

विनीताने कागद नीट पाहिला, घडी केली, परत दिला. उठली नाही.

कर्नल बदलायला अर्धा तास पुरला होता. उत्तरा तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: त्या वेळी बाकीचे हात काय करत होते? आणि दाराबाहेर कोणाला बसवलं होतं?